शिडीचे मोजे

आजूबाजूच्या गल्ल्यांत त्याला सगळे मोजेवाला म्हणत. घरं रंगवणं आणि पन्हळी साफ करणं हा त्याचा धंदा. पण त्याच्या शिडीच्या वरच्या दोन्ही टोकांना बायकोचे जाड लोकरी मोजे चढवलेले असत, म्हणजे भिंतीच्या खरबरीत गिलाव्याला ओरखडा नको. बायको म्हणे, "माझे पाय गारठले तरी चालतील, शिडीला सर्दी व्हायला नको."

विहीणबाईंनी त्याला पन्हळ साफ करायला बोलावलं, तेव्हा मात्र बायकोची चेष्टा बंद झाली. "भिंत नवी आहे त्यांची. टवका उडाला, तर आपल्या पोरीला जन्मभर ऐकावं लागेल," ती म्हणाली. विहीणबाई होत्याच तशा. दारातच त्यांनी बजावलं, "भिंतीला धक्का लागता कामा नये हं!"

त्याने मोजे दोनदा घट्ट बांधले, शिडी अलगद टेकवली, श्वास रोखून पन्हळ साफ केली आणि उतरला. भिंतीवर डाग नाही! गडी खूश. शिडी खांद्यावर आडवी घेऊन निघाला, तेवढ्यात लेकीने आतून हाक मारली, "बाबा, चहा!"

तो गर्रकन वळला. मोजे घातलेलं टोक पुढे होतं. मागचं, उघडं टोक खाली कललेलं होतं, ते धाडकन भिंतीवर आदळलं. तळहाताएवढा गिलावा खाली!

विहीणबाई धावत बाहेर आल्या. पोरीचं आता कसं होणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि भिंतीलगतची मोठी कुंडी ओढत आणून त्या खड्ड्यापुढे ठेवली. कुंडी जिथून हलवली तिथे भिंतीत याहून मोठा खड्डा होता.

त्याने वाकून त्या जुन्या खड्ड्यात बोट घालून पाहिलं.

"गेल्या आठवड्यात खिडकी पुसायला घरातली शिडी ओढताना मीच तो पाडला," विहीणबाई पुटपुटल्या. "घरात कुणाला ठाऊक नाही. आता खड्डे दोन आणि कुंडी एकच!"

"दोन्ही बुजवून देतो," तो म्हणाला. "पोरीला कळणारसुद्धा नाही."

"तिला कळलं तर माझी धडगत नाही हो," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी नवऱ्याचे लोकरी मोजे आणले. "हे घ्या, मागच्या टोकाला घाला."

"फक्त नेताना हं, विहीणबाई. चढताना घातले तर घसरून मी खाली!"

"मग चढताना काढा," त्या म्हणाल्या, "आणि यांना सांगू नका, मोजे कुणी दिले ते."