अक्का गावाला गेलेली नाही

विमलअक्का गेल्याचं फोनवर कळलं. जळगावहून तिच्या भावाने सांगितलं, "ताई, अक्का गेली... झोपेतच." धुळ्याच्या एका बालगृहात मी स्वयंपाक बघते, पोरंही बघते. तव्यावरची पोळी करपून काळी झाली, तरी मी फोन धरून उभीच. महिना होत आला, अजून सावरलेली नाही मी. कशाला खोटं बोलू?

अक्का समुपदेशक. आठवड्यातून दोनदा जळगावहून एस.टी.ने यायची आणि पोरांशी अहिराणीतच बोलायची. पुस्तकी मराठीत विचारलं की ही पोरं शाळेत उभं केल्यासारखी ताठ होतात, म्हणायची. मंगी (नाव बदललंय) आली तेव्हा मुकीच होती. बापाच्या मारात आई गेलेली, आणि नातेवाइकांनी पोरीला सांगितलेलं, आई गावाला गेलीय. ती आपली दिवसभर फाटकाशी! अक्का यायची, जायची, फरक काही पडेना. मी वैतागून म्हटलं, "अक्का, हिला एखादं औषध तरी द्या हो!" तर हसली. "औषध हेच गं. सांगितल्या दिवशी यायचं आणि खोटं बोलायचं नाही."

मग एका दुपारी तिनं पोरीला जवळ घेऊन सांगितलं, "तुनी माय मरी गयी, बेटा. ती आते येवाव नही." पोर अशी रडली की मला ऐकवेना. पण त्यानंतर बोलायला लागली, हट्ट करायला लागली, माझ्याशी कचाकचा भांडायलाही लागली. किती बरं वाटायचं!

आणि अक्का गेल्यावर आमच्या अधीक्षकभाऊंनी मंगीला काय सांगावं? "अक्का गावले गयी." का, तर पोरीला धक्का नको! भाऊंची माया खरी हो, पण अक्कल गहाण पडली होती. मंगीचं तोंड मिटलं ते मिटलंच. जेवण सुटलं, अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. मी भाऊंशी कडाकडा भांडले. पण भांडून काय होणार होतं...

शेवटी मीच तिला, अक्का पोरांशी बोलायला बसायची त्या खोलीत नेलं आणि खरं ते सांगितलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बी मरशी का?"

मी "हो" म्हटलं.

ती अक्काच्या चटईवर भिंतीकडे तोंड करून बसली. नवीन समुपदेशक कधी येणार, कोणी सांगत नाही. आता रोज दुपारी ती तिथेच बसते, आणि भांडी तशीच टाकून मी तिच्यामागे जाऊन बसते. ती अजून वळलेली नाही.