पंचवीस इंचांची कंबर

निराला बाजारातल्या आमच्या साड्यांच्या शोरूममध्ये रत्नमालाताईंना नावानं कुणी ओळखत नव्हतं. 'मागच्या खोलीतल्या टेलरबाई' एवढीच त्यांची ओळख. मी दुसऱ्या मजल्यावर सिल्कच्या काउंटरला असते. ट्रायल रूमच्या पलीकडच्या खोलीत त्यांची मशीन होती. माहेर कन्नडजवळच्या खेड्यातलं, शेतकऱ्याचं. लग्न होऊन बजाजनगरला आल्या, कारण नवरा वाळूजच्या कंपनीत. अठरा वर्षं त्या खोलीत बसून त्यांनी या शहरातल्या बायकांची मापं घेतली. डॉक्टरीणबाई, प्राध्यापिका, नवऱ्या मुली, बाळंतपणानंतर पहिल्यांदा साडी नेसायला निघालेल्या सुना. कुणी आरशापुढं उभं राहून "मी फारच सुटले हो" म्हणालं, की त्या तोंडातली टाचणी काढून म्हणायच्या, "तुमी हायत तशा उभ्या ऱ्हावा. कापड माझ्या हातात हाय, ते मी बघते."

बाईला लाजवायचं नाही, एवढा एकच नियम त्या पाळायच्या. पण दुकानाचा कारभार मालकांचा मुलगा देवेश याच्या हातात आला.

देवेश पुण्याहून मार्केटिंग शिकून आला होता. काय शिकला, तर दुकानाला ब्रँड म्हणायचं आणि गिऱ्हाइकाला ऑडियन्स. मागच्या दिवाळीआधी त्यानं ठरवलं, जाहिरातीत मुंबईची मॉडेल नको, आपल्याच शहरातली मुलगी हवी. 'आपल्या मातीतली स्त्री, आपल्या मातीतली साडी' अशी पाटी लागली. निवड करायला एजन्सीचा ऋतुराज नावाचा माणूस आला. काळा टी-शर्ट, गळ्यात गॉगल, आणि बेल्टच्या वर आलेलं पोट. त्या पोटावर दोन्ही हात ठेवून तो आम्हाला सांगत होता, "कॅमेरा पाच किलो जास्त दाखवतो. कंबर पंचवीसच्या वर गेली की डायरेक्ट नो."

माप घ्यायला रत्नमालाताईंना खाली बोलावलं, आणि मांडलेल्या साड्या आवरायला मला. त्यांनी विचारलं, "पंचवीस कुणी ठरवलं?"

"इंडस्ट्री स्टँडर्ड आहे," ऋतुराज म्हणाला.

"माझ्या लेकीची कंबर आठवीत असताना पंचवीस व्हती. तिचा शाळेचा ड्रेस मीच शिवायची. तुमाला साडी इकायची बाईला, आन् माप आठवीतल्या पोरीचं?"

देवेश हसला. विनोद झाला असं त्याला वाटलं असावं.

शंभरावर मुली आल्या होत्या. इंजिनिअरिंगच्या, नर्सिंगच्या, दोन-तीन शाळेत शिकवणाऱ्या. सांगितलेलं असं की आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि ऋतुराजनं लिहून घ्यायचा. रत्नमालाताईंनी पहिल्याच मुलीचा आकडा हळू सांगितला. ऋतुराज ओरडला, "लाऊड, मॅडम, लाऊड!" मग त्यानं टेप काढून घेऊन देवेशच्या असिस्टंटकडं दिली, आणि ती मोनिका बिनदिक्कत ओरडत सुटली. अठ्ठावीस. एकोणतीस. सव्वीस. एक मुलगी श्वास आत ओढून उभी होती, ओठ निळे पडेपर्यंत. साडेपंचवीस निघाली. ऋतुराजनं मान हलवली. ती मुलगी दाराबाहेर जाऊन बसली, तिच्या आईनं तिला पाणी दिलं, तिनं घेतलं नाही. मी हे सगळं बघत होते आणि साड्यांच्या घड्या घालत होते. मला नोकरी प्यारी होती, दुसरं काय.

पंचवीसच्या आत एकच बसली. प्रेरणा, बजाजनगरचीच, उंच, चेहऱ्यानं देखणी. तीन आठवडे काकडी आणि ताकावर होती, असं तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं. ऋतुराजनं टाळ्या वाजवल्या. डेडिकेशन, म्हणाला. उपाशी राहण्याला या लोकांनी किती छान शब्द शोधलाय.

शूट दौलताबादला होतं, किल्ल्याखाली. ऑक्टोबरचं ऊन. ब्लाउज अंगावर नीट बसवायला रत्नमालाताईंना सोबत नेलं, साड्या सांभाळायला मला. तिथं गेल्यावर कळलं की पंचवीसही पुरत नाही. ऋतुराजला ब्लाउज कातडीसारखा हवा होता. रत्नमालाताईंनी पाठीमागून कापड गोळा करून चिमटे लावायला सुरुवात केली. चार, सहा, नऊ, शेवटी अकरा. पुढून बघाल तर अप्सरा, मागून बघाल तर दोरीवर वाळत घातलेलं धुणं.

"दंड जाड वाटतायत," ऋतुराज कॅमेऱ्यात बघून म्हणाला. "जाऊ दे, कॉम्प्युटरवर बारीक करू."

म्हणजे कंबर मोजली, उपाशी ठेवलं, चिमटे लावले, आणि तरीही ती मुलगी त्यांना पुरली नाही. उरलेली ते घरी जाऊन पुसणार होते.

अकराच्या सुमारास प्रेरणानं पाणी मागितलं. ऋतुराज म्हणाला, "एकच घोट हं. पोट दिसतं." बाराच्या आसपास ती पायरीवर उभी असताना एकदम खाली बसली. डोळे उघडे होते, पण समोरचं दिसत नसावं. ऋतुराजनं घड्याळ बघितलं. "लाईट खराब होतेय. ब्लॅक कॉफी द्या कुणीतरी."

रत्नमालाताई उठल्या. प्रेरणाच्या मागं जाऊन त्यांनी एकेक करून अकराही चिमटे काढले आणि आपल्या पिशवीत टाकले. तिच्या खांद्यावर स्वतःची ओढणी टाकली आणि तिला झाडाखाली नेलं.

"ओ मॅडम, काय करताय?"

"पोरगी जेवंल. मग उभी ऱ्हाईल."

"शूट कुणाचं आहे, तुमचं का आमचं?"

"शूट तुमचं. पोरगी तुमची नाय." त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, कांदा. "आन् तुमी कशापायी उभे? तुमाला काय धाड भरलीय? सकाळपासून तीन समोसे खाल्ले, मी बघितलेत."

ऋतुराज देवेशकडं बघायला लागला. देवेश मोबाईलकडं. चिमटे लावणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळं एवढी मोठी इंडस्ट्री एका भाकरीपुढं पाऊण तास बसून राहिली. प्रेरणा अर्धी भाकरी खाल्ल्यावर रडली, मग उरलेली खाल्ली. मग चिमटे परत लागले आणि शूट झालं.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी क्रांती चौकाजवळ होर्डिंग लागलं. प्रेरणाचे दंड मनगटाएवढे केले होते. कंबर इतकी आत नेली होती की तिच्यामागची किल्ल्याची भिंतसुद्धा आत वाकली होती. शेकडो वर्षांची दगडी भिंत वाकवली, पण बाईची कंबर आहे तशी ठेवायला यांचा जीव होईना.

दुकानात बायका फोटो दाखवून म्हणायला लागल्या, "ब्लाउज अस्सा बसला पाहिजे." देवेशनं आम्हाला शिकवलं, "म्हणायचं, थोडं वजन कमी केलंत की बसेल, मॅडम." आम्ही म्हणायला लागलो. मीही म्हणाले, किती जणींना तेही आठवत नाही. पण त्या बायका मापाला मागच्या खोलीत गेल्या की रत्नमालाताई त्यांना सांगायच्या, "त्यो ब्लाउज मागून उघडा व्हता, बाई. अकरा चिमटे मी ह्या हातानं लावले. असं शिवून कुणाला बसत नाय. त्या पोरीलाबी बसला नव्हता."

दोघीतिघींनी ते देवेशला जाऊन विचारलं. दिवाळीचा पाडवा झाला आणि त्यानं रत्नमालाताईंना घरी बसायला सांगितलं. कारण दिलं, 'ब्रँडशी जुळत नाही'. अठरा वर्षांनी कळलं म्हणायचं.

त्याहून वाईट वाटलं ते प्रेरणाचं. ती बजाजनगरला त्यांच्या दारात जाऊन भांडली. "मावशी, तुमच्यामुळं माझं पुढचं काम गेलं. ऋतुराजसर म्हणाले, मी प्रोफेशनल नाही. कोण म्हणालं होतं तुम्हाला भाकरी चारायला?" मला हे सांगताना रत्नमालाताई म्हणाल्या, "लई लागलं गं. पण तिच्या चेहऱ्याचं कातडं बघितलंस? पिवळं. परत दिली असती मी भाकरी." प्रेरणा आता पुण्यात असते म्हणे. आणखी बारीक झालीय.

रत्नमालाताई घरीच शिवतात. जुनी गिऱ्हाइकं थोडी आली, बरीचशी आली नाहीत. शोरूमच्या एसीत माप देण्याची सवय लागलेली. उन्हाळ्यात भावाच्या लग्नासाठी ब्लाउजचं कापड घेऊन मी गेले. पुढच्या खोलीत एक भरल्या अंगाच्या शिक्षिका हात वर करून उभ्या होत्या.

"थांबावं लागंल," ताई म्हणाल्या. "आधी यांचं."

मी पायरीवर बसले आणि दुकानातल्या बातम्या सांगितल्या. यंदा ऋतुराज पुन्हा येतोय. यंदा चोवीस ठरलंय.

त्यांनी टेप गळ्यात टाकली. "पुढच्या साली पाळण्यातली आना म्हनावं. तिला साडीबी लहान पुरंल," म्हणाल्या, आणि बाईंना म्हणाल्या, "हात खाली घ्या तुमी, झालं माप."