इंटरनेट मोजणारे काका

"सांगू नोका, मोजा!" असं म्हणत ते कोणाच्याही घरात शिरायचे. खुर्चीवर बसायचे नाहीत. आधी स्टूल मागायचे, ते वायफायच्या डब्यापासून बरोबर चार पावलांवर ठेवायचे, त्यावर आपला मोबाइल, आणि मग एक बोट वर. "सर्व्यायनं आपापले मोबाइल बंद करा. टीव्ही बी." घरातली माणसं फोटोला बसल्यासारखी गप्प व्हायची. मोबाइलवरचा वेगाचा काटा थरथरत चढायचा, आणि त्याच्याबरोबर काकांच्या भुवयाही.

मानोरा या आमच्या तालुक्याच्या गावी, मी शाळेत शिकवतो तिथं, ते आमचे शेजारी. टेलिफोन खात्यात लाइनमन होते. तालुक्यातल्या कित्येक तांड्यांपर्यंत खांबांवर चढून तांब्याची तार त्यांनीच ओढलेली. निवृत्त झाल्यावर खांब सुटले, सवय सुटली नाही.

गल्लीत तेव्हा तीन तऱ्हेचं इंटरनेट होतं. काकांकडे जुन्या टेलिफोनच्या तारेवरचं, दोन घरांत छतावरच्या तबकडीतून येणारं, आणि माझ्याकडे सिमकार्डाचा डबा. काचेची तार, म्हणजे फायबर, मेन रोडपर्यंत येऊन थांबली होती. कोणाचं जोरात पळतं यावर चहाच्या टपरीवर रोज वाद. काका मात्र सकाळ, दुपार, संध्याकाळ मोजल्याशिवाय निकाल द्यायचे नाहीत.

मी डबा घेतला त्या सकाळी आकडा आला चाळीस. मी कॉलर ताठ केली. संध्याकाळी काका परत आले. आकडा तीन.

"सर, हवेतलं सर्व्यायचं असते. सकाळी टावरवर तुमी एकटे, आता अख्खा मानोरा."

डाउनलोडला ते 'येनं' म्हणत, अपलोडला 'जानं'. पिंग समजावताना अंगणात जाऊन काकूंना हाक मारायचे. "हाक गेली, ओ आली. मधात किती वेळ गेला, तेच हे." काकूंची ओ कधीकधी फारच उशिरा यायची. "आज लाइन बिझी हाये," काका हळूच सांगायचे.

माझी मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकून घरी बसली होती. एका मोठ्या इस्पितळाची मुलाखत व्हिडिओवर ठरली, आणि नेमकी जवळच्याच पोहरादेवीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी. पहाटेपासून गाड्यांच्या रांगा, आणि त्यांतले सगळे मोबाइल आमच्याच टॉवरवर. माझ्या डब्याचं येणं दीडवर आलं, जाणं जवळजवळ शून्य. प्रज्ञाचा चेहरा उतरला. मागची मुलाखत अशीच अर्ध्यात तुटली होती, आणि त्यांनी पुन्हा बोलावलंच नव्हतं.

"माह्या घरी चाल पोरी," काका दारातूनच म्हणाले.

"काका, तुमचं तर आठच्या वर जात नाही," मी म्हणालो.

"आठ येते, पाऊण जाते. पन दिवसभर तेवढंच. चेहरा जरासा धुरकट दिसीन, बोलनं तुटनार नाई. मुलाखतीले पळनारा बैल कायले पाह्यजे? वाटेत न बसनारा पाह्यजे."

प्रज्ञा त्यांच्या आतल्या खोलीत बसली. मुलाखत सुरू झाली आणि कोपऱ्यावर यात्रेकरूंची जीप येऊन थांबली, टपावर भोंगा. काका अनवाणीच धावले. "बाप्पा, जरा वेळ देवीलेबी दम खाऊ द्या! पोरीची परीक्षा हाये." भोंगा बंद झाला. काकूंनी माठ बाहेर आणला. जीपमधली पंधरा-वीस माणसं सावलीत बसून पाणी पीत राहिली, कुजबुजतसुद्धा नव्हती. अर्ध्या तासानं प्रज्ञा बाहेर आली, तर माझ्या आधी एका म्हाताऱ्या यात्रेकरू बाईनंच विचारलं, "झालं काय वं बाई?"

"झालं. एकदाही तुटलं नाही," प्रज्ञा म्हणाली. जीपनं भोंगा दुप्पट आवाजात लावला. आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं.

पुढच्या वर्षी काचेची तार गल्लीत आली. काकांनी पहिल्याच घरी मोजली आणि दारोदार सांगत सुटले, "सकाळी शंभर, संध्याकाळी बी शंभर! हेच घ्या." स्वतःकडे मात्र तांब्याचीच ठेवली. मी कारण विचारलं. चष्मा पुसत म्हणाले, "मोजमाप खरं हाये, सर. पन थ्या खांबावर मी तीस वर्सं चढलो." खात्यानं जुन्या लाइनी बंद केल्या तेव्हाच त्यांनी ती उतरू दिली. फायबर जोडायला आलेल्या माणसाची शिडी त्यांनी स्वतः धरली होती.

आता काकूंच्या गुडघ्यांमुळे दोघं मुलाकडे नागपूरला असतात. घराला कुलूप आहे. मागच्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. चित्र इतकं स्वच्छ की त्यांच्या दाढीचे खुंट मोजता आले असते. मी प्रज्ञाची खुशाली सांगू लागलो, तसं त्यांनी हातानंच थांबवलं.

"थे मंग सांगा, सर. आधी फोन घेऊन बाहीर चाला. गल्ली दाखवा."

मी फोन धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. दारादारातून माणसं बाहेर आली. काका एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होते.