ब्रह्मांडबाई

आमच्या ब्रह्मांडबाईइतक्या आनंदानं 'माहीत नाही' म्हणणारी बाई मी जन्मात दुसरी पाहिली नाही. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. एखाद्या पोरानं विचारलं, "बाई, विश्वाची सुरुवात झाली म्हणता, मग त्याच्या आधी काय होतं?" तर आमच्यासारखी माणसं चष्मा पुसतात, घड्याळ बघतात आणि 'हे अभ्यासक्रमात नाही' म्हणून मोकळी होतात. हिचा चेहरा असा फुलायचा, जशी माहेराहून साडी आली. टेबलावर थाप मारून म्हणायची, "मले नाही मालूम! अन् जगात कोणालेच नाही मालूम! तुले समजलं तं पहिले मले सांगशीन." मुख्याध्यापक कपाळाला हात लावायचे. बाईंनाच माहीत नाही म्हटल्यावर पालक काय म्हणतील, ही त्यांची चिंता.

सक्करदऱ्याकडच्या एका शाळेत आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्च्यांवर बसलो. मी मराठीची. ती मला 'मराठी' अशीच हाक मारायची, मी तिला ब्रह्मांडबाई. नाव पोरांनी पाडलं होतं, पण तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी.

आमचं पहिलं भांडण झालं ते 'महास्फोट' या शब्दावरून. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी फळ्यावर झोकात लिहिलं होतं, 'महास्फोट : विश्वाचा जन्म'. ही आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काहून वं मराठी, हे कोणी सांगितलं तुले?"

"पुस्तकात आहे," मी म्हटलं.

"पुस्तकात असन. मी उमरेडची आहो. दुपारी खाणीत सुरुंग उडे, तं मागावर बसलेला माहा बाप दचके अन् धागा तुटे. फळीवरची भांडी पडत ते येगळंच. स्फोटानं मोडते माय, बनत काही नाही!"

मग मला खाली बसवून समजावलं. कुठंतरी एका जागी काहीतरी फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले, असं झालंच नाही म्हणे. जागाच ताणली गेली, सगळीकडे एकाच वेळी, आणि अजून ताणली जातेच आहे. मी विचारलं, मग लिहू काय? म्हणाली, "फैलाव लिही." मी म्हटलं, फैलाव हिंदी आहे, माझ्या फळ्यावर चालणार नाही. "अन् विश्व काय तुह्या माहेरचं आहे?" अस्सा राग आला होता मला! शेवटी मी 'महाप्रसरण' असं लिहिलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, "वा. आता हे तुले समजन अन् तुह्या शब्दकोशाले समजन." वर्गात ती शेवटपर्यंत फैलावच म्हणत राहिली.

तिच्या पर्समध्ये कंगवा नसेल एक वेळ, पण हातभर इलास्टिक असायचंच. परकराला घालतात ते. त्यावर ओळीनं शर्टाची बटणं शिवलेली. ती बटणं म्हणजे दीर्घिका. दोन पोरांना दोन टोकं धरून ओढायला लावायची आणि विचारायची, "कोणतं बटण पळालं?" पोरं ओरडायची, सगळीच पळाली. "मंग मधलं कोणतं?" पोरं बटणं मोजायला लागायची. ती म्हणायची, "प्रत्येकच बटणाले वाटते का मीच मधात आहो अन् बाकीचे माह्यापासून पळून राहिले. आपल्या स्टाफरूमसारखं." हे शेवटचं ती माझ्याकडे बघून म्हणायची.

निवृत्त झाल्यावर आम्ही बायका काय करतो? गुडघे तपासून घेतो, नातवंडं सांभाळतो, भिशी लावतो. हिनं एक तारांगण आणलं. घडी घालून पिशवीत भरता येईल असं. म्हणजे एक मोठा काळा कापडी घुमट, तो सतत फुगता ठेवणारा विजेचा पंखा आणि आत कापडावर तारे पाडणारा प्रोजेक्टर. पोरांनी बोगद्यासारख्या तोंडातून रांगत आत जायचं, सतरंजीवर उताणं पडायचं आणि भर दुपारी आकाश बघायचं. हे सगळं एका जुन्या व्हॅनमध्ये कोंबून ती उमरेड, पारशिवनीकडच्या खेड्यांतल्या शाळांत निघाली. आणि पंख्यापाशी भरवशाचं माणूस पाहिजे म्हणून मलाही ओढलं. "तू घरी बसून काय करतेस? शुद्धलेखन?" माझा नवरा तेव्हा खो खो हसला होता, ते मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

एकदा उमरेडच्या अलीकडच्या एका शाळेत खेळ ऐन रंगात आला आणि लाइन गेली. पंखा बंद. घुमट हळूहळू खाली बसायला लागला. आत चाळीसेक पोरं, अंधार, किंचाळ्या. मी बाहेर कापडाला धरून उभी. आणि आतून हिचा आवाज, "पोट्टेहो, भेव नका! विश्व आकसून राहिलं! याले महासंकोच म्हणतात. असं होऊ शकते असं काही लोकं म्हणत. आता एकामागं एक रांगत बाहेर निघा, अन् प्रोजेक्टरवर पाय नका देऊ!" पोरं बाहेर आली ती हसतच. त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग. मास्तरांनी तर मला विचारलं, हे पुन्हा एकदा करून दाखवाल का, सातवीचं राहिलंय.

विश्वाच्या शेवटावर ती पोरांचं मतदान घ्यायची. एक शेवट म्हणजे सगळं परत आकसणार, दुसरा म्हणजे सगळं फाटत जाणार, तिसरा म्हणजे पसरत पसरत सगळं थंड होणार, एकेक तारा विझणार. हात वर करा. पोरं बहुतेक फाटण्याला मत द्यायची, कारण त्यात मजा जास्त. मग ती सांगायची की मत द्या नाहीतर नका देऊ, सध्या शास्त्रज्ञांचा कल तिसऱ्याकडे आहे. आणि पुढे तिचं ठरलेलं वाक्य, "आतापावेतो तं असंच वाटून राहिलं." यातलं 'आतापावेतो' तिला फार महत्त्वाचं. एकदा तिनं कुठंतरी वाचलं की विश्वाला पसरवणारा जोर कदाचित कमी होत असावा, अजून नक्की नाही. तर ही बाई आदल्या महिन्यात गेलेल्या शाळेत पुन्हा गेली, घुमट न घेता, आणि वर्गापुढं उभी राहून म्हणाली, "मागच्या खेपेले मी जरा जास्तच पक्कं सांगून गेली होती. तेवढं पक्कं नाही, म्हणून आली." पोरांना खोटं सांगायचं नाही, आणि चुकून सांगितलं गेलं तर जाऊन दुरुस्त करायचं. तिचा देवधर्म म्हणाल तर एवढाच.

आणि यावरच एकदा तिच्या जिवाशी आलं.

पारशिवनी तालुक्यातल्या एका शाळेत आमचा खेळ झाला. छान झाला. आठवड्यानं तिथल्या मास्तरांचा फोन आला. सहावीतली सोनू नावाची मुलगी त्या दिवसापासून शाळेत येत नाही, धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. तिचा बाप काळी-पिवळी चालवायचा, जीपमधून सवाऱ्या नेणारी. सहा-सात महिन्यांपूर्वी अपघातात गेला. घरच्यांनी पोरीला सांगितलं होतं, तुझा बाबा तारा झाला. ती रोज अंगणात उभी राहून एका ताऱ्याशी बोलायची. आणि आम्ही जाऊन काय सांगून आलो? एकेक तारा विझणार. सोनूनं आईला एवढंच विचारलं होतं, "बाबा आणखी एकदा मरणार काय?"

ब्रह्मांडबाईनं फोन ठेवला आणि बसूनच राहिली. तिच्या पुढ्यातले तर्री-पोहे गार झाले. मी म्हटलं, "अगं, एवढं काय? फोन करून सांग तिला की तिचा बाबा वेगळा तारा आहे, तो विझत नाही. काय बिघडतं? लेकरू जेवेल तरी."

"खोटं सांगू?"

"हो, सांग खोटं! तुझ्या तत्त्वापायी पोरगी उपाशी मारतेस का?" मी चिडूनच बोलले.

 ती म्हणाली, "एक खोटं अगोदरच कोणीतरी सांगतलं, म्हणून तं हे झालं वं. त्याच्यावर माहं आणखी एक?" आणि मग अगदी हळू आवाजात, "पण ते पोरगी शाळेत परत नाही आली तं मी हा घुमट पुन्हा नाही फुगवणार. जाळून टाकीन."  

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.  सोनूचं घर गावाच्या टोकाला. आई दारात आली, बिचारी आम्हालाच घाबरलेली. सोनू आतल्या खोलीत पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ब्रह्मांडबाई तिच्या शेजारी जाऊन बसली. मी दारात. मला वाटलं, आता ही विज्ञान काढणार, तारे विझायला किती काळ लागतो वगैरे. तिनं तसलं काही काढलं नाही.

म्हणाली, "सोनू, तुहा बाबा तारा नाही झाला बेटा."

 आईनं पदर तोंडात कोंबला. सोनूनं मान वर केली.

"तुह्यावर माया आहे म्हणून सांगतलं घरच्यांनी. पण तो तारा नाही. तारे मी लय पाहिले. पायलीचे पन्नास आहेत तारे! एकासारखा एक. ते जळतात अन् विझतात. तुहा बाबा माणूस होता. तो गेला, अन् तो परत नाही येणार. पण आता आणखी एकदा नाही मरणार तो. कधीच नाही." मग विचारलं, "तो कसा होता, हे मले नाही मालूम. सांगशीन?"

 सोनू पुटपुटली, "बाबा माही वेणी घाले."

"मंग? चांगली घाले?"

"वाकडी." आणि पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वाकडी वेणी, गाडीत पुढच्या सीटवर बसवून हॉर्न वाजवू द्यायचा ते, चहात चकली बुडवून खायचा ते, आणि शिट्टी येत नसताना वाजवायचा ते. रडता रडता सांगत होती, मध्येच हसत होती. आईही येऊन बसली आणि म्हणाली, "चकली नाही वं, शेव बुडवे," आणि त्यावरून मायलेकींचं थोडं भांडणसुद्धा झालं. तो गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव काढायची चोरी होती, पोरीला त्रास नको म्हणून. आम्ही निघालो तेव्हा सोनू भाकरी खात होती.

व्हॅनमध्ये बसल्यावर ब्रह्मांडबाई स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. "मराठी, मले लय भेव वाटलं होतं वं," म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दोन दिवसांनी मास्तरांचा फोन आला, सोनू शाळेत आली.

खेळातला शेवट तिनं वगळला नाही. पण तेव्हापासून प्रत्येक शाळेत आत जायच्या आधी सांगायची, "पोट्टेहो, घरचं कोणी तारा झालं असं कोणाले सांगतलं असन, तं खेळ झाल्यावर मले भेटा." मला वाटलं होतं, येईल एखादं पोर. अहो, रांग लागायची! कुणाची आजी, कुणाचा भाऊ, एका पोराचा तर बैल. ती निंबाखाली बसून एकेकाचं ऐकायची. मी घुमटाची घडी घालून, व्हॅन भरून, घाम पुसत उभी, आणि हिचं आपलं चालूच, "मंग? आणखी काय करे तुही आजी?" मी किती चिडायचे, उशीर होतो म्हणून.

या उन्हाळ्यात ब्रह्मांडबाई गेली. पोटाचा आजार होता, कळला तेव्हा फार वाढला होता. शेवटच्या आठवड्यात मी रोज जायचे. एके दिवशी मी म्हटलं, होशील गं बरी. म्हणाली, "तू मराठीची आहेस, तुले खोटं माफ."

शाळेनं शोकसभा ठेवली. मला बोलायचं होतं. सभागृहात शिरले तर समोर भलंमोठं फ्लेक्स, तिचा हसरा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत, 'विज्ञानाच्या आकाशातील तेजस्वी तारा निखळला'. शुद्धलेखन बिनचूक होतं. मी व्यासपीठावर चढले आणि एका तरुण शिक्षकाला म्हटलं, "हे काढा आधी." तो म्हणाला, "मॅडम, आता कसं काढणार, सगळे बसलेत." मी म्हटलं, "मग मीच काढते." आणि या वयात, नऊवारी नाही तर निदान सहावारी खोचून, खुर्चीवर चढून मी ते काढलं. खाली कुजबुज झाली, म्हातारीचं डोकं फिरलं अशी.

माइक हातात घेतला. पहिल्या रांगेत पाचवीची पोरं बसवली होती. त्यांच्याकडे बघून मी म्हटलं, "ब्रह्मांडबाई तारा नव्हती. बाई होती. ती गेली, आणि ती परत यायची नाही." मग ती कशी होती ते सांगायला लागले, आणि बाहेरचा चहा गार झाला, शिपाई दोनदा डोकावून गेला, तरी मी सांगतच होते.