फोन आधी ठेवायचा नाही

माझ्या थोरल्या बहिणीला सगळी गल्ली हॅलोताई म्हणते. तिचा धंदा दुसऱ्यांचे फोन उचलण्याचा. दातांचे डॉक्टर कुणाच्या तरी तोंडात वाकलेले असतात, नळवाला ओट्याखाली आडवा झालेला असतो, कुलूपवाला कुठल्या तरी बंद दारासमोर घाम पुसत असतो. अशा वेळी त्यांचा फोन वाजला की तो आमच्याकडे येतो. आम्ही निरोप घेतो, वेळ देतो, चिडलेल्यांची समजूत काढतो. चपलांच्या दुकानावरची एक लांबोळकी खोली, भिंतीकडे तोंड करून मांडलेली टेबलं आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या सहा बायका. सातवी मी. मालकिणीची बहीण म्हणून मला काडीची सवलत नाही. उलट बोलणी खायला पहिला नंबर माझाच.

ताईला नव्याची हौस आणि मला नव्याचा राग. पेजर आले तेव्हा तिनं पेजर घेतले. फॅक्स आला, फॅक्स घेतला. मग मोबाइल, मग मेसेज, मग निरोप धाडायचं अ‍ॅप. दर वेळी मी म्हटलं, चांगलं चाललंय ना, मग कशाला हे नसतं झेंगट? दर वेळी तिचंच खरं ठरलं. हे मी इथे सांगते, तिच्या तोंडावर मात्र मेले तरी म्हणणार नाही. पेजरांनी भरलेलं खोकं आम्ही आता दार उघडं राहावं म्हणून लावतो. फॅक्सवर मनीप्लांट ठेवलाय, तो छान फोफावलाय.

इतकं सगळं बदललं, पण तिचा एक नियम बदलला नाही. फोन आपण आधी ठेवायचा नाही. समोरच्यानं ठेवला की मग आपण. नवीन बाई कामाला आली की ताई तिला खुर्ची दाखवायच्या आधी हे सांगते. कारण अगदी साधं आहे. माणूस कामाचं बोलतो, ठीक आहे म्हणतो, ठेवतो मग असंही म्हणतो, आणि जरासा थांबतो. खरी गोष्ट तो त्यानंतर सांगतो. दाढेसाठी वेळ घेऊन झाल्यावर भला दांडगा गडी हळूच विचारतो, फार दुखतं का हो? किल्ली हरवलेली बाई पत्ता देते, आभार मानते, आणि मग सांगते की आत गॅसवर दूध आहे. आता हे आधी सांगायला काय झालं होतं? पण नाही. माणसांची तऱ्हाच अशी.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे लिफ्टची कंपनी. लिफ्ट मध्येच अडकली की आतला माणूस बटण दाबतो आणि त्याला आमचा आवाज येतो. पत्ता घ्यायचा, मेकॅनिक धाडायचा, आणि तो पोचेपर्यंत आतल्याशी बोलत राहायचं. निम्म्याहून जास्त काम या एकाच कंपनीचं. तिथे यंदा नवे साहेब आले. त्यांनी ताईला बोलावून घेतलं आणि सांगितलं की पुढच्या महिन्यापासून हे फोन बोलणारं यंत्र उचलेल. तुमच्याकडे तसं यंत्र असलं तर दाखवा, नसलं तर आम्ही दुसरीकडून घेऊ.

काम गेलं तर सहापैकी चार जणींना घरी बसावं लागणार होतं. मी ताईला म्हटलं, यंत्र आणलंस तरी आमची गरज काय उरणार? तिनं चष्मा पुसत शांतपणे उत्तर दिलं. यंत्र दुसऱ्याचं असलं तर तुमचं काय करायचं ते दुसरा ठरवणार. आपलं असलं तर मी ठरवणार, आणि मी कुणालाही काढणार नाहीये. मी हेडफोन चढवला आणि वाजणारा फोन घेतला.

मग ताई एका मोठ्या परिषदेला जाऊन आली. बदलत्या डिजिटल जगात धंदा कसा हाकायचा, यावर तिथे बड्या बड्या कंपन्यांचे प्रमुख बोलणार होते. गळ्यात पट्टा, पट्ट्याला नाव, अशी ती परत आली. मी विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, बदला नाहीतर संपाल, असं प्रत्येकानं वेगवेगळी चित्रं दाखवून सांगितलं. सोमवारी सकाळी ऑफिसात येऊन नेमकं काय करायचं, ते एकानंही सांगितलं नाही. जेवण मात्र बरं होतं म्हणे.

पण तिथेच तिला एक सॉफ्टवेअरवाली भेटली. बाई हुशार, बोलण्यात गोड. तिनं आमच्या जुन्या बोलण्यांची रेकॉर्डिंगं यंत्राला ऐकवली आणि ताईनं सांगितलेले सगळे नियम त्यात घातले. थोड्या दिवसांत ते आमच्यासारखंच बोलायला लागलं. कधी दमायचं नाही, उलट उत्तर द्यायचं नाही, चहाला उठायचं नाही. बायकांनी त्याचं नाव सूनबाई ठेवलं. मी चिडले होते, तरी नाव ऐकून हसले.

सूनबाईच्या परीक्षेच्या दिवशी लिफ्टवाले साहेब आमच्या खोलीत आले. इस्त्रीचा कडक शर्ट, हातात टॅब्लेट. त्यांच्या कंपनीत ग्राहकांना फोन करून ‘काम नीट झालं का’ असं विचारणारं एक यंत्र होतं. अडकलेल्या माणसाचं सोंग त्यालाच देऊन त्यांनी फोन लावला. सूनबाईनं झटक्यात पत्ता घेतला, मजला विचारला, मेकॅनिक निघाल्याचं सांगितलं. आमच्यापेक्षा चटपटीत, खोटं कशाला बोलू. साहेबांनी मान डोलावली. ताईनं माझ्याकडे बघून भुवई उडवली.

मग सूनबाईनं विचारलं, आणखी काही मदत हवी का? पलीकडचं यंत्र म्हणालं, नाही, आभारी आहे, आपल्याला माझ्याकडून आणखी काही हवंय का? सूनबाई म्हणाली, नाही, आभारी आहे, आपल्याला आणखी काही सांगायचंय का? झालं. फोन आधी ठेवायचा नाही हे आमच्या यंत्राला आम्हीच पढवलेलं, आणि ग्राहकाचं समाधान होईपर्यंत सोडायचं नाही हे त्यांच्या यंत्राला त्यांनी. दोघी विहिणी दारात उभ्या राहून एकमेकींना निरोप देताहेत, तसं चाललं. साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग छताकडे, मग बुटांकडे. हसू दाबून दाबून आमचे खांदे हलायला लागले. शेवटी सॉफ्टवेअरवालीनं वायर ओढली.

साहेबांना काही हसू आलं नाही. एवढ्या वेळात दुसरा कुणी अडकला असता आणि त्याला फोन लागला नसता तर, असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. समोरचा ‘ठीक आहे’ म्हणाला की यंत्रानं फोन ठेवायचा, एवढा बदल करा, काम तुमचं. नाहीतर नमस्कार. संध्याकाळपर्यंत कळवा म्हणाले आणि तडक जिना उतरून गेले.

सॉफ्टवेअरवाली म्हणाली, चुटकीसरशी होईल. मी ताईच्या मागेच लागले. कर ना बदल. चार घरांचा प्रश्न आहे आणि तू एका नियमाला चिकटून बसतेस? पेजर सोडलास, फॅक्स सोडलास, हेच सोडायला काय होतंय? मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. ताईनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग एवढंच म्हणाली,

“लिफ्टमध्ये अडकलेला माणूस ‘ठीक आहे’ म्हणतो ना, तेव्हा तो ठीक नसतो.”

दुपारी तिनं साहेबांना फोन लावला. स्पीकरवरच, कारण ज्या गोष्टीनं सगळ्यांचं पोट चालतं ती सगळ्यांनी ऐकावी असं तिचं म्हणणं. तिनं सरळ सांगितलं की हा बदल मी करणार नाही. साहेब म्हणाले, मग आपलं काम इथेच थांबलं. कागदपत्रं पाठवून देतो. ठीक आहे. ठेवतो मग.

आमच्यातली एक जण डोळ्यांना पदर लावून बसली. मी कपाळाला हात लावला. ताईनं मात्र फोन ठेवला नाही. पलीकडूनही ठेवल्याचा आवाज आला नाही. पंखा तेवढा फिरत होता.

“आहात का?” साहेबांनी विचारलं.

“आहे की.”

“बाई, मला यातलं काही कळत नाही. वरचे लोक रोज विचारतात, यंत्र कुठवर आलं. मी बैठकीत मान हलवतो. उद्या माझ्याच खुर्चीत यंत्र बसवतील. घरीसुद्धा बोललो नाही हे कुणाला.”

“त्या परिषदेत मीसुद्धा मानच हलवत होते,” ताई म्हणाली.

साहेब हसले. पहिल्यांदाच. मग दोघं बोलत बसले, आणि आम्ही वाजणारे बाकीचे फोन उचलत एक कान तिकडेच ठेवला. ताईनं विचारलं, लिफ्टचा सगळा फोन एकट्या यंत्रानंच का सांभाळायचा? पत्ता घेणं आणि मेकॅनिक धाडणं सूनबाईला आमच्यापेक्षा चांगलं जमतं, ते तिनं करावं. तेवढं झालं की फोन आमच्या बाईकडे द्यावा, आणि दार उघडेपर्यंत बाईनं बोलावं. यंत्र लगेच मोकळं, पुढचा फोन घ्यायला तयार. साहेबांनी तिला हे दोनदा सांगायला लावलं. ते लिहून घेत होते बहुतेक. मग म्हणाले, वर्षभर असंच करू. वरच्यांना काय सांगायचं ते आता मला कळलं. तुमच्या सगळ्या बायका लागतील, कुणाला सोडू नका.

“नाही सोडणार,” ताई म्हणाली.

“ठीक आहे. ठेवतो मग.”

ताई थांबली. आम्हीही थांबलो. पण या वेळी त्यांचं काही राहिलं नव्हतं. त्यांनी लगेच फोन ठेवला. मग ताईनं ठेवला.