अण्णांची ‘सरी’

“आहेस का गं?” असं तुकोजीअण्णा दिवसातून कितीदा तरी कॉम्प्युटरला विचारायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कोरमंगलाच्या या ऑफिसात आपला साहेब वेडा निघाला. विचारायचे ते इंटरनेटच्या लाइनला. परदेशी गिऱ्हाइकांपर्यंत आमचं काम तीच पोचवायची. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मराठीत कन्नड मुरलेलं. मी पुण्याहून नवा आलेला आणि जातीचा भित्रा. लाइन पडली की घाबरायचो. चालू असली की आता पडेल म्हणून घाबरायचो.

तिच्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम आम्ही दोघांनी लिहिला. तो सारखी लाइनला हाक मारायचा, जबाबाला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि जबाब रेंगाळला की आमच्या पेजरवर निरोप धाडायचा.

“पण अण्णा, पेजर गप्प असला तर? लाइन ठीक आहे की प्रोग्रामच बंद पडलाय, कसं कळणार?”

“खरं की. भित्र्याला बरोबर प्रश्न पडतात,” म्हणत त्यांनी रोज सकाळी खुशालीचा निरोप जोडून दिला. दुसऱ्या दिवशी पेजरवर इंग्रजी अक्षरांत ‘सरी’ उमटलं. मी ‘सॉरी’ वाचलं आणि धापा टाकत ऑफिस गाठलं. अण्णा हसता हसता खोकायला लागले. “सरी म्हणजे ठीक रे. स्वल्प कन्नड शिक की.”

पुढे अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. “शुद्धीवर आलो की खुशाली कळवतो,” म्हणाले. त्या दिवशी मी पेजर हातातच धरून बसलो होतो. निरोप आला: ‘सॉरी’. पुन्हा पुन्हा वाचला, अक्षरं तीच. हॉस्पिटलात रडतच शिरलो, तर त्यांची बायको, अक्का, शांतपणे कॉफी पीत बसलेली.

“अरे, यांनी डोळे उघडल्याबरोबर तुला सरी कळवायला सांगितलं. मी निरोप टाइप करून धाडणाऱ्या पेजरवाल्या बाईला फोनवर तेच सांगितलं की.”

आत अण्णा पुटपुटले, “जबाब आला ना? मग भ्यायचं नाही. गप्प बसलो तर भी.”

त्यानंतर दोन वर्षांनी अक्कांचा पुन्हा निरोप आला, नुसतं ‘सॉरी’. रिक्षात बसून मी त्या पेजरवाल्या बाईला वाटभर शिव्या घातल्या. मेलीला कन्नड मुलखात राहून साधं सरी ऐकू येत नाही, असं रिक्षावाल्यालाही सांगितलं. जे. पी. नगरला अण्णांच्या दारात चपलांची गर्दी होती. बाईने या खेपेला बरोबर ऐकलं होतं.