दाजींची पांढरी भिंत

कलेपुढं माणसांना उकिडवं बसवणारा इसम अख्ख्या लोहारा तालुक्यात एकच, आणि ते म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. चित्रकलेचे निवृत्त मास्तर. शेवटची बैलजोडी गेली आणि रानातल्या रिकाम्या गोठ्याची त्यांनी आर्ट गॅलरी केली. चित्रं टांगली ती बैलांच्या खुंट्यांना, म्हणजे गुडघ्याइतक्या उंचीवर. तहसीलचे साहेबसुद्धा उकिडवे बसून बघून गेले. मी म्हणालो, "दाजी, खुंट्या जरा वर घ्या की." म्हणाले, "पाव्हणं, खुंटी हलवल्यावर गोठा ऱ्हातो व्हय?" अभिप्रायाची वही गव्हाणीत ठेवलेली. शेजारच्या म्हशीनं ती अर्धी खाल्ली, तेव्हा दाजींनी उरलेल्या पानावर म्हशीचं गाव लिहिलं आणि अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं, 'आवडलं'.

गॅलरीतलं मुख्य चित्र मात्र कुणी काढलेलंच नव्हतं. त्या शेवटच्या जोडीतल्या तांबड्या बैलानं वर्षानुवर्षं अंग घासून मागच्या भिंतीवर एक काळपट, गुळगुळीत डाग पाडला होता. दाजी पाहुण्यांना तिथं सगळ्यात जास्त वेळ बसवायचे. मला वाटायचं, तिथं गारवा आहे म्हणून. दोन वर्षांमागं दिवाळीच्या तोंडावर दाजी कळंबला फ्रेमा आणायला गेले, आणि सणाला भिंत मळकी दिसू नये म्हणून मी तिला चुन्याचे दोन हात मारले.

संध्याकाळी दाजी भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले. उभे! मग हळूच म्हणाले, "अक्कानं फासला का?" माझी मान आपोआप 'हो' अशी हलली असावी, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. हलली नाही, मी हलवली.

अक्का "म्या न्हाय, म्या न्हाय" म्हणत राहिली. दाजी भांडले नाहीत. त्यांनी भिंतीवर चिठ्ठी लावली: 'शीर्षक: पांढरं. कलावंत: सौ.' लोकांना ते लई आवडलं. अक्कानं त्या दिवसापासून गोठ्यात पाऊल टाकलं नाही.

गेल्या रविवारी सांगून टाकलं. "दाजी, चुना मी फासला." त्यांनी भिंतीवरची चिठ्ठी काढली, माझ्या हातात दिली. "ही आधी अक्काला देऊन या. मग खुरपं घेऊन बसा."

तेव्हापासून रोज खरडतोय. तळहाताएवढा डाग वर आलाय. काल त्यात भिंतीला चिकटलेला एक तांबडा केस दिसला. मी बोट नेलं तसे दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." अक्का चहा घेऊन आली होती. तिनं कप गव्हाणीत ठेवले, लुगडं सावरलं आणि डागापुढं उकिडवी बसली.